छागळ, ट्यूबची पट्टी आणि गडाची वाट

रामनवमी आटोपली की खान्देशातले रस्ते रात्रभर जागे असतात. शिरपूर, चोपडा, अमळनेर, पारोळा अशा गावांतून पायी निघालेली मंडळी धुळ्याकडे येते, मुंबई-आग्रा महामार्गाला लागते आणि मालेगाव, सौंदाणे, देवळा, कळवण करत नांदुरीला पोचते. चैत्र पौर्णिमेच्या आत सप्तशृंगीचा गड गाठायचा असतो. देवीचं माहेर खान्देश, असं आमच्याकडे मानतात, म्हणून चैत्रातली ही वारी माहेरच्यांची. पंढरीची वारी पावसाच्या भरवशावर निघते, ही निघते उन्हाच्या तोंडावर. तयारी वेगळी लागते ती त्यामुळेच.

धुळ्यापासून गड सव्वाशे ते दीडशे किलोमीटर, कोणत्या फाट्याने जाता त्यावर. जळगावकरांना त्यात आणखी नव्वदेक. एप्रिलात इथे पारा ४० ते ४३ अंशांवर असतो, तेव्हा दिवसा चालण्याचा हट्ट करूच नये. आम्ही संध्याकाळी सहाला निघतो, अकराच्या सुमारास दोन-तीन तास आडवे होतो, पहाटे दोनला उठून साडेआठ-नऊपर्यंत चालतो. पुढचा सगळा दिवस शाळेच्या ओट्यावर नाहीतर देवळाच्या सभामंडपात. ताशी चार-साडेचार किलोमीटरच्या चालीने, मधले थांबे वजा जाता, दिवसाला ३० ते ३५ किलोमीटर पडतात. पहिल्याच रात्री अंगात जोर असतो म्हणून ४५ मारणारे तिसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर बसलेले दिसतात.

हल्ली बहुतेक मंडळांबरोबर टेम्पो असतो. आमचं मत सायकलीच्या बाजूचं आहे. टेम्पो दहा किलोमीटर पुढे जाऊन उभा राहतो आणि पाणी नेमकं मधल्या पट्ट्यात लागतं. सामानाची सायकल माणसांच्या चालीने चालते. साधी काळी, २८ × १½ टायरची, दुहेरी पायांच्या स्टँडची सायकल घ्यायची. गिअरवाली नको, तिला धड कॅरिअर नसतो आणि वाटेतल्या गावात तिचा भागही मिळत नाही.

ओझं ३० किलोच्या वर जाऊ देऊ नये. दोन पोती कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसापर्यंत खाली सोडायची, वजन दोन्हीकडे सारखं. वर फक्त अंथरुणाची वळकटी. सगळं कॅरिअरवर रचलं तर वळणावर सायकल डोकं टाकते आणि स्टँडवर उभी राहत नाही. बांधायला जुन्या ट्यूबच्या दोन बोटं रुंद पट्ट्या घ्याव्यात. सुतळी खड्ड्यातल्या धक्क्यांनी सैल होते, ट्यूब ताणून धरते. पोत्याचं खालचं टोक आधी आवळायचं, मग मधलं, मग वरचं. शेवटी मागचं चाक हाताने फिरवून पोतं स्पोकला लागत नाही ना, हे बघायचं. मागच्या चाकाचे स्पोक तुटतात ते बहुधा फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळीच्या बाजूचे, कारण त्या बाजूला ताण जास्त असतो. एक तुटला की चाक डोलतं आणि शेजारच्यावर भार येऊन तोही जातो. तेव्हा एक तुटल्याबरोबर पुढच्या गावात बदलून घ्या, 'गडापर्यंत जाईल' म्हणू नका.

ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठाने सायकल चालवताना हे सगळं हमखास आठवतं. युरोवेलो-६ हा मार्ग अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो. त्यातला जर्मनीतल्या पासाऊपासून व्हिएन्नापर्यंतचा, तीनशेहून थोडा जास्त किलोमीटरचा तुकडा हौशी लोकांचा लाडका. नदी वाहते त्याच दिशेने जायचं आणि चढ नावापुरता. तिथे भारी कापडाच्या पाणीरोधक पिशव्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली अडकवतात. त्या अडकवताना समोर येतात ते चैत्रातल्या संध्याकाळी अंगणात गुडघा टेकून पोतं आवळणारे वडील, डब्यात दशम्या मोजून भरणारी आई आणि ओट्यावरून बजावणारी आजी, 'पानी पी, मंग चाल.' वजन खाली, दोन्हीकडे सारखं, जड वस्तू तळाशी, हे तिकडच्या माहितीपुस्तिकेत आकृती काढून समजावलेलं असतं. आमच्या घरांत ते पोरांना पोत्याचं टोक धरायला लावून शिकवत. तिकडे एक सोय मात्र खरी आहे. पाटी बघून चालायचं, मागून ट्रक येत नाही.

इकडे ट्रक येतो. म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील अशी एकेरी रांग. सायकलीला पुढे पांढरा दिवा, मागे लाल, आणि रांगेतल्या पहिल्या व शेवटच्या माणसाच्या अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. कानात गाणी नकोत. जिथे सेवा रस्ता आहे तिथे महामार्ग सोडायचा.

हवेचा घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो. या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते. उन्हाने ती तडकते, हवा हळूहळू जाते आणि लोक पंक्चर शोधत चाक उघडतात. आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावून बघा. बुडबुडा आला तर नळी बदला, दोन मिनिटांचं काम. वीतभर नळी खिशात असू द्या. खरंच पंक्चर असेल तर ते बाभळीच्या काट्याचं असण्याची शक्यता मोठी. काटा टायरमध्ये मोडून राहतो, म्हणून ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. ट्यूब घासून सोल्युशन लावल्यावर ते सुकून चिकट होईपर्यंत पाच मिनिटं थांबा. ओल्यावरच ठिगळ बसवलं की तासाभरात सुटतं.

हँडलला छागळ, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. कापडातून पाणी झिरपतं, कोरड्या हवेत उडतं आणि आतलं पाणी गार होतं. कोकणात हे जमणार नाही, तिथली हवा दमट. नवी छागळ रात्रभर पाण्यात भिजत ठेवावी लागते. धागे फुगले की गळती कमी होते. न भिजवता भरली तर पहिल्या कोसातच रिकामी. घामाला नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. डोकं दुखून मळमळायला लागलं की सावली, ओलं फडकं, हे पाणी. घाम थांबला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर थेट दवाखाना.

खाण्यात दशम्या पहिल्या दोन दिवसांच्या. कणीक पाण्याऐवजी दुधात मळलेली असल्याने त्या मऊ राहतात, पण डब्यात घालण्याआधी पूर्ण गार व्हायला हव्यात, नाहीतर वाफ धरून बुरशी येते. सोबत शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी. नंतर फुटाणे, मुरमुरे, गूळ. कळण्याची भाकरी वाटेतल्या वस्तीवर कुणी ताजी वाढली तर नाही म्हणू नये, बांधून मात्र घेऊ नये, वातड होते.

आता पाय. फोड येतो तो घाम, उष्णता आणि घर्षण एकत्र आल्यावर. बूट निदान दोन आठवडे वापरलेले, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण चालून पाय सुजतात. दर थांब्यावर मोजे काढून पाय वाळवायचे. जिथे चुरचुरतं तिथे फोड येण्याआधीच कागदी चिकटपट्टी. मोठा फोड दुखत असेल तर उकळलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, जंतुनाशक लावून बांधा. फोडात दोरा ओवून ठेवण्याची जुनी रीत सोडा, त्याच दोऱ्यावाटे घाण आत जाते. मधुमेह असलेल्यांनी फोड स्वतः टोचूच नये. मांड्या घासू नयेत म्हणून निघतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन.

नवसाचे अनवाणी चालणारे असतात. त्यांनी सकाळी नऊच्या आत थांबावं. डांबर तापल्यावर कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालावं, पांढरा रंग कमी तापतो.

नांदुरीपासून गडापर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा घाट. यात्रेत खासगी गाड्या खालीच थांबवतात, वर एसटी. सायकलही इथेच ओळखीच्या दुकानात किंवा मुक्कामाच्या जागी ठेवलेली बरी. रेटून वर नेता येते, पण उतरताना ओझ्यापुढे तिचे ब्रेक पुरत नाहीत. वर मंदिरापर्यंत साधारण पाचशे पायऱ्या. २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. चालून आलेल्यांनी चढताना पायऱ्या आणि उतरताना ट्रॉली घ्यावी, गुडघे उतरणीला जास्त बोलतात. शिखरावर कीर्तिध्वज लावण्याचा मान दरेगावच्या गवळी घराण्याचा. ध्वज लागतो त्या रात्री गर्दी इतकी असते की दर्शन आदल्या दिवशी पहाटे उरकावं, असा आमचा सल्ला.

परतीला एसटी. नांदुरीला उभं राहिलं तर जागा मिळणं कठीण, कळवणपर्यंत जीपने जाऊन तिथून बसावं. सायकल टपावर टाकताना पॅडल काढून आत वळवून बसवा आणि टायरमधली हवा तशीच राहू द्या.