शुगर प्लम म्हणजे आलुबुखार नव्हे

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे पियानो शिकणाऱ्या मुलांच्या आया हमखास विचारतात, "'नटक्रॅकर' बॅलेतली ती शुगर प्लम फेअरी आलुबुखाराची परी का हो?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

शुगर प्लम हे फळच नाही. धण्याचा, बडीशेपेचा दाणा किंवा बदाम घेऊन त्यावर साखरेच्या पाकाची पुटं चढवायची, अशी ती युरोपातली जुनी मिठाई. रशियन नावात तर प्लमचा पत्ताच नाही, तिथे ती 'द्राजे'ची, म्हणजे साखरेचं कवच असलेल्या गोळीची परी आहे. आपल्या संक्रांतीच्या हलव्याची सख्खी बहीणच! माझी आजी पहाटेच्या थंडीत मंद शेगडीवर परात ठेवायची, तिळांवर थेंब थेंब पाक सोडायची आणि बोटं अखंड फिरवत राहायची. तेव्हा कुठे हलव्याला काटा यायचा.

थेंबच हवे होते मारियुस पेतिपालाही. बॅलेचा आराखडा त्याचा. या परीच्या नाचात कारंज्याचे थेंब पडताना ऐकू यावेत, असं त्यानं बॅलेचा संगीतकार चायकोव्हस्कीला लिहून दिलं होतं. चायकोव्हस्कीला ते थेंब पॅरिसमध्ये सापडले. ऑग्युस्त म्युस्तेलनं १८८६ मध्ये तयार केलेलं चेलेस्टा दिसतं छोट्या पियानोसारखं, पण आत तारा नाहीत. हातोड्या पोलादी पट्ट्यांवर पडतात. वाद्य मागवा पण कुणाला दाखवू नका, असं चायकोव्हस्कीनं १८९१ मध्ये आपल्या प्रकाशकाला कळवलं. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांना सुगावा लागला तर ते आधी वापरतील, ही धास्ती!

१८ डिसेंबर १८९२ ला सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात पहिला प्रयोग झाला. समीक्षक नाराज होते. रंगमंचावर मुलंच फार आणि मुख्य नर्तिका पार शेवटी येते, ही त्यांची तक्रार. पुढच्याच वर्षी चायकोव्हस्की गेला.

एक गोष्ट मात्र मी न विचारताही सांगते. १८९१ च्या वसंतात त्याची लाडकी बहीण साशा वारली. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रात त्यानं ती बातमी वाचली. या परीचं राजपुत्राबरोबरचं संथ नृत्य ऐका. वरच्या सुरापासून खालच्या सुरापर्यंत एकेक पायरी उतरणारा साधा अवरोह, बस्स. तो साशासाठी लिहिला असं मी म्हणणार नाही. पण वाजवताना दर वेळी माझा घसा दाटून येतो. आणि तो संपल्यावर थोड्याच वेळात, त्याच परीसाठी, चेलेस्टाचे थेंब पडू लागतात.