भंगारात बसून पोरांना एवढा कसला आनंद होतो?

दर रविवारी साडेबाराच्या सुमाराला आमच्या फाटकाशी एखादे तरी पालक हा प्रश्न विचारतातच. पोराला न्यायला आलेले असतात आणि पोरगं उठत नसतं. हात काळे, शर्टाला ग्रीस, पुढ्यात उघडा पडलेला मिक्सर. मग वडील अर्धवट हसत, अर्धवट वैतागत माझ्याकडं वळतात. "मॅडम, घरात सगळं आहे ओ याला. सायकल आहे, टॅब आहे. तिथं तोंड पाडून बसतंय, आणि इथं भंगारात कसला एवढा आनंद?" मी दर वेळी "या आत, चहा घ्या" म्हणून वेळ मारून नेते. आज जरा सविस्तर सांगते, तुम्ही विचारलंत म्हणून.

इथं म्हणजे कोल्हापुरात, आमच्या घराच्या पडवीत. शाळेत विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर दोन जुनी टेबलं एकमेकांना जोडली, पक्कड, पेचकस, टेस्टर, सोल्डर मांडला आणि गल्लीतल्या पोरांना सांगितलं, घरातलं बंद पडलेलं काहीतरी घेऊन या, खोलून बघू. कारखान्यांचं उद्यमनगर जवळ असल्यामुळं नट-बोल्ट, पत्र्याचे तुकडे, जळक्या मोटारी यांना तोटा नाही. फी नाही, अभ्यासक्रम नाही, शेवटी प्रमाणपत्रही नाही. प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर काही पालक पुन्हा फिरकत नाहीत, ते एक बरंच आहे.

सहावीतल्या एका पोरीचं सांगते. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी पहाटे येतं, पण साडेतीनला की साडेचारला याचा भरवसा नाही. आई रोज साडेतीनला उठून अंधारात नळाशी बसायची. पोरीनं मला विचारलं, "पाणी आलं की वाजणारी बेल असते काय?" बाजारात मिळत असेल, म्हटलं. "बाजारातली नको," म्हणाली आणि विषय संपवला.

पाण्यातून वीज जाते हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. तिनं नऊ व्होल्टची बॅटरी घेतली, एक बझर, दोन उघड्या तारा, आणि तारांची टोकं पाण्यात बुडवली. काही नाही. कान अगदी जवळ नेल्यावर डास गुणगुणावा एवढा आवाज. कुणीतरी म्हणालं मीठ टाक. टाकलं, आणि बझरनं असा ठणाणा केला की टेबलाभोवतीची सगळी पोरं नाचली. साधं नळाचं पाणी वीज नेतं, पण फारच कमी; मिठानं ते सुधारतं. पुढच्या रविवारी पोरगी तोंड पाडून आली. आई म्हणाली होती, "म्हणजे रोज पहिली बादली खारट व्हय?"

माझ्या खणात ट्रान्झिस्टर होते, रेडिओ नव्हे, बारीक प्रवाह मोठा करणारे छोटे भाग. एक लावला असता तर मिठाशिवाय काम झालं असतं. मी जीभ आवरली. या पडवीत माझं सगळ्यात अवघड काम तेवढंच आहे, गप्प बसणं.

तिसऱ्या रविवारी तिनं थर्मोकोलचा तुकडा आणला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवलेली. रिकाम्या बादलीत थर्मोकोल तळाशी. पाणी चढलं की तो वर येणार, वरच्या दोन तारांना चांदी टेकणार, सर्किट पुरं. हे काही जगावेगळं नाही, टाकीतला फ्लोट असाच चालतो. पण तिनं टाकीत कधी डोकावलं नव्हतं. पहिल्याच रात्री दोन वाजता मांजरानं बादली कलंडवली, तारा चांदीवर पडल्या आणि अख्खा वाडा उठला. शेजारच्या काकू काय काय बोलल्या ते तिनं मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, इथं लिहिता येणार नाही. मग बादलीवर पिठाची चाळणी आली. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी बेल व्यवस्थित वाजली.

"मग? आई काय म्हणाली?"

"काय न्हाई. उठली, पाणी भरलं. मी जागीच होते ओ मॅडम, पण उठले न्हाई. बादल्या भरल्याला ऐकत पडले."

पोरगी कोल्हापूरची आहे, पण अशी पोरं कुठंही सापडतात. केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून किटेंगेला आहे. तिथला रिचर्ड तुरेरे हा मासाई जमातीचा मुलगा घरची गुरं राखायचा. रात्री उद्यानातले सिंह गोठ्यापर्यंत यायचे, गुरं मारायचे. त्यानं आधी जाळ करून बघितला. उलट सिंहांना गोठा नीट दिसायला लागला. मग बुजगावणं केलं. पहिल्या दिवशी सिंह बिचकले, दुसऱ्या दिवशी हललं नाही बघून आत घुसले. एका रात्री तो विजेरी घेऊन गोठ्याभोवती फेऱ्या मारत होता, त्या रात्री सिंह आलेच नाहीत. हलणाऱ्या उजेडाला भितात, हे त्याला तिथं कळलं. जुनी गाडीची बॅटरी, सोलर पॅनेल, विजेऱ्यांचे दिवे आणि मोटरसायकलच्या इंडिकेटरचा फ्लॅशर घेऊन त्यानं गोठ्याभोवती आळीपाळीनं लुकलुकणारे दिवे लावले. वय अकरा. त्याला हे जोडकाम कसं जमलं? त्याआधी आईचा नवाकोरा रेडिओ खोलून झाला होता. आई त्या दिवशी जीवच घ्यायची बाकी होती, असं तो पुढं जगभरच्या लोकांसमोर हसत सांगायचा.

मलावीतल्या विल्यम कामक्वांबाचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. दुष्काळात फी भरता न आल्यामुळं शाळा सुटली, गावच्या शाळेतल्या छोट्या वाचनालयात पवनचक्क्यांचं चित्र दिसलं आणि चौदाव्या वर्षी त्यानं ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट आणि डायनामो जोडून पवनचक्की उभी केली. पाती प्लॅस्टिकचा पाइप जाळावर धरून, चपटा करून केलेली. भंगारात हिंडताना बघून गाव त्याला खुळा म्हणायचं. दिवा लागल्यावर मात्र लोक मोबाइल चार्ज करायला रांग लावू लागले. ही गोष्ट सांगून "बघा, गरिबीतूनच शोध लागतात" असं भाषणात कुणी म्हटलं की मला राग येतो. त्या मुलाला शाळेत जायचं होतं. भूक नसती तर पवनचक्की झाली नसती असं म्हणणाऱ्यानं आधी दोन दिवस उपाशी राहून बघावं.

आता आनंदाचं. माझी धाकटी बहीण फिनलंडमध्ये असते, एस्पोत. जागतिक आनंद अहवालात 2018 ते 2025 सलग आठ वर्षं फिनलंडचा पहिला नंबर आला. बहीण म्हणते, इथले लोक स्वतःच चक्रावतात. बसस्टॉपवर एकमेकांपासून दोन हात लांब उभी राहणारी ही माणसं जगात सगळ्यात सुखी कशी? पण त्या अहवालात हसण्या-बोलण्यावरून नंबर देत नाहीत. एक प्रश्न विचारतात: शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी समजा, वरच्या टोकाला तुमचं सगळ्यात चांगलं आयुष्य, खाली सगळ्यात वाईट, तुम्ही कुठल्या पायरीवर?

2025 च्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, ती मला जास्त पटली. हरवलेलं पाकीट परत मिळेल असं ज्यांना वाटतं, ती माणसं जास्त समाधानी. यावरून आठवलं. 2013 मध्ये एका मासिकानं सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटं मुद्दाम टाकून बघितली होती. फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीत, अकरा परत आली, म्हणजे पहिला नंबर त्यांचाच. दुसरा कुणाचा असेल? मुंबईचा, बारापैकी नऊ! आपण उगीच स्वतःला नावं ठेवतो.

तर पाकीट. मोठ्यांचं जसं पाकीट, तसं पोरांचं पेचकस. खोललेलं परत जोडता आलं नाही तरी मार बसणार नाही, टोमणा बसणार नाही, एवढी खात्री असली की पोराचा चेहराच बदलतो. तुमच्या घरी टॅब आहे, पण तो खोलता येत नाही ना. बहिणीच्या मुलानं शाळेत पक्ष्यांसाठी लाकडी घरटं केलं. करवत त्यानंच चालवली, खिळेही त्यानंच ठोकले, एका बाजूला जरा कललंय. फिनलंडनं 1866 पासून हस्तकला सक्तीची केलीय, मुलांना आणि मुलींनाही. बहीण कौतुकानं सांगत होती. मी म्हटलं, बाई, 1937 साली वर्ध्यात गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्या म्हणून परिषद भरवली होती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला कलबाग सरांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथं आजही मुलं वेल्डिंग करत शिकतात. अरविंद गुप्तांनी 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून भूमिती उभी केली, पुढं पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, मुलांच्या विज्ञान केंद्रात, बसून कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. आपल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. आपण ते प्रदर्शनापुरतं ठेवलं, आणि प्रदर्शनातला ज्वालामुखी बाबांनी केलेला असतो.

मध्यंतरी तो शिडीचा प्रश्न मी पडवीत विचारून बघितला. एकानं दहा सांगितलं. दुसरा म्हणाला, "आजचं सांगू की कालचं? काल गणिताचा पेपर होता." पाणीवाली पोरगी मोटारीचा कार्बन ब्रश घासत होती. मान वर न करता म्हणाली, "शिडी टेकवलीय कशाला, ते सांगा आधी."

मला काही सांगता आलं नाही.

असो. रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा. मिक्सर, पंखा, घड्याळ, इस्त्री, काहीही बंद पडलेलं चालेल. जुना डब्यासारखा टीव्ही आणि मायक्रोव्हेव मात्र आणू नका, बंद असले तरी जबर झटका देतात. पोराला जुना शर्ट घाला. आणि न्यायला येताना पाच-दहा मिनिटं उशिरा आलात तरी चालेल.