हाय पार्कमधली जळकी जमीन

मे महिन्याच्या सुरुवातीला टोरांटोच्या हाय पार्कमध्ये सगळी गर्दी चेरीच्या फुलांकडे वळते. टोकियोने १९५९ मध्ये दिलेल्या झाडांपासून सुरू झालेला हा बहर देखणा आहे, वादच नाही. पण मला पाहायचे होते ते ब्लॅक ओक.

हिमयुगातल्या सरोवराने मागे ठेवलेल्या वाळूवर हे ओक उभे आहेत, एकमेकांपासून अंतर राखून. मध्ये गवत आणि भरपूर ऊन. जॉन हॉवर्ड यांनी १८७३ मध्ये आपली जमीन शहराला देताना ती शक्यतो नैसर्गिक अवस्थेत ठेवण्याची अट घातली, म्हणून हे रान वाचलं. पण नुसतं राखून ठेवलेलं रानही मरू शकतं, हे मला इथे कळलं.

आपल्या सह्याद्रीत वणवा म्हटलं की पोटात गोळा येतो. इथे महापालिकाच २००० सालापासून अधूनमधून, पानं फुटायच्या आधी, वारा आणि ओलावा बघून ठरावीक तुकड्यांना आग लावते. पूर्वी मूलनिवासी लोक असंच रान जाळत. ते थांबलं, झुडपं माजली, सावली वाढली. ब्लॅक ओकचं रोप सावलीत तगत नाही, त्यामुळे म्हातारी झाडं उरली आणि त्यांच्या जागी येणारी पोरं दिसेनाशी झाली. ठेंगणी आग पालापाचोळा आणि झुडपं जाळते, जाड सालीच्या ओकला फारसा धक्का लावत नाही.

एका बुंध्यापाशी उकिडवा बसलो. साल तळाशी काजळलेली, बोटाला काळं लागलं. वीतभर वर मात्र ती राखाडी, खोल भेगांची. राखेतून गवताची हिरवी टोकं वर आली होती. शेजारी गेल्या वर्षीचं एक पान पडलं होतं, चामड्यासारखं, प्रत्येक टोकाला बारीक केसाळ काटा.

आगीने सगळं भागत नाही. युरोपातून आलेलं बकथॉर्न हे झुडूप आणि डॉग-स्ट्रँग्लिंग वाईन ही वेल हाताने उपटावी लागतात. स्वयंसेवक ते वर्षानुवर्षं करताहेत. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो. तरी काही गोष्टी परत आलेल्या नाहीत. कार्नर ब्लू या निळ्या फुलपाखराच्या अळ्या फक्त रानटी ल्युपिनची पानं खातात. ल्युपिन इथे आहे, फुलपाखरू मात्र अख्ख्या ओन्टारिओ प्रांतातून नाहीसं झालंय.

ल्युपिनची जांभळी फुलं बघायची तर जूनच्या सुरुवातीला जा. सबवेचं हाय पार्क स्टेशन दारातच आहे. फोटोसाठी पायवाट सोडून आत शिरू नका, ओकची रोपं गवतात चटकन दिसत नाहीत.