माझी झोप, तिचा व्हिडिओ

दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो की मला निद्रानाश आहे. कारण रात्री तीनला जाग, बाथरूम, साडेचारला परत जाग, परत बाथरूम, आणि सकाळी उठलं की तोंड कोरडं ठणठणीत, डोकं जड. आधी शुगर तपासली, नॉर्मल. मग प्रोस्टेट, तेही ठीक. मग एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती घेऊन मी अजूनच मठ्ठ व्हायला लागलो. आता कळतंय की असल्या काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, म्हणजे माझा जो खरा आजार होता, स्लीप ॲप्निया (झोपेत घसा मिटून श्वास अडकणं), त्याला मी रोज रात्री खतपाणी घालत होतो.

खरा आजार बायकोने पकडला. मी घोरतो हे तिला माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं, पण एका रात्री तिच्या लक्षात आलं की मधेच घोरणं थांबतं. एकदम शांतता. आणि मग गुदमरल्यासारखा आवाज करून परत सुरू. तिने मोबाईलवर शूट केलं आणि सकाळी चहा पिताना दाखवलं, "अरे हे बघ, तू वीस सेकंद श्वासच घेतला नाहीस." मी आधी हसलो. मग बघितलं आणि चहा तसाच राहिला.

म्हणजे बघा, झोपेच्या आजारात पेशंट हा सगळ्यात कुचकामी साक्षीदार असतो, कारण घटना घडताना तो झोपलेला असतो! मी डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगत होतो पण मला दिसत होतं फक्त जागं होणं. जाग का येते ते मला दिसणारच नव्हतं. बाथरूमचंही तसंच, श्वास अडकला की हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी बनवायला लागतं, मला वाटत होतं लघवीमुळे झोपमोड होतेय.

मग झोपेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला, बीपी घेतलं, मग मापाचा टेप काढून माझा गळा मोजला (म्हणलं शर्ट शिवणार की काय). ४० सेंटीमीटरच्या वर गळा असला की शंका वाढते म्हणे, माझा ४२ भरला. मग एक फॉर्म दिला, एपवर्थ स्केल, मरे जॉन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी बनवलेला, १९९१ पासून वापरात आहे. आठ प्रसंग असतात, वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत तासभर बसल्यावर, सिग्नलला थांबल्यावर वगैरे, आणि प्रत्येकाला पेंग येण्याची शक्यता ० ते ३. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं की दिवसाची झोप जरा जास्तच आहे असं धरतात. मी भरला, ७ आले. डॉक्टर बायकोला म्हणाले, आता तुम्ही यांच्यासाठी भरा. तिचे आले १५. खोलीत थोडा वेळ कोणीच बोललं नाही.

स्लीप स्टडीची रात्र हा एक वेगळाच प्रकार. डोक्याला वायरी, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला, पायांना, छातीला पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. मी टेक्निशियनला विचारलं असं कोणाला झोप लागते का, तो म्हणाला सगळे हेच विचारतात आणि झोपतात. झोपलो मी! सकाळी केसात चिकट पेस्ट आणि हातात रिपोर्ट काही दिवसांनी: तासाला ३४ वेळा श्वास थांबला किंवा अडला, प्रत्येक वेळी किमान १० सेकंद. ५ पर्यंत ठीक, ३० च्या वर सिव्हिअर. सहा तासांचा हिशोब केला तर दोनशेच्या वर गेला, आणि मला त्यातलं दोनदाच जाग आलेलं आठवत होतं.

सगळ्यांनाच ही वायरींची रात्र लागते असं नाही हां. नुसता निद्रानाश असेल तर तो बहुतेक बोलूनच ओळखतात, आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने, आणि झोपायला पुरेसा वेळ असूनही लागत नाही, आणि दोन आठवडे झोपेची डायरी लिहायला लावतात. माझ्या बहिणीचं तर तिसरंच निघालं, रेस्टलेस लेग्ज, संध्याकाळ झाली की पायात वळवळ, चाललं की बरं वाटतं, आडवं पडलं की परत. तिला सगळे टेन्शन घेऊ नको सांगत होते. रक्तात फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं, तळाला गेलेलं.

आणि कृपा करून मला मनगटावरच्या घड्याळाचे आलेख पाठवू नका. ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज करतं, मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. माझं घड्याळ मला दोन वर्षं "गुड स्लीप" म्हणत होतं.

आता रात्री मास्क लावतो, सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं मशीन. पहिला आठवडा वैताग होता, दोनदा झोपेत काढून फेकला. तीन महिने झाले, बाथरूमच्या फेऱ्या बंद. परवा दोघांनी परत तो फॉर्म भरला, माझे ५ आले, तिचे ६. टीव्हीसमोर डुलकी लागते की नाही यावरून त्या एका मार्कासाठी अजून वाद चालू आहे.