बार्टनचं सेंट पीटर्स, नोंद तिसरी: मनोरा उभा राहिला

मंडळी, गेल्या नोंदीत या चर्चच्या पुठ्ठ्याच्या मॉडेलचा पाया आखून झाला होता. या महिन्यात मनोऱ्याचे खालचे दोन टप्पे १:१०० प्रमाणात पुठ्ठ्यात उभे झाले. तिसरा टप्पा तयार आहे, पण तो चिकटवणार नाही. नुसता वर ठेवायचा आणि हवा तेव्हा उचलायचा.

इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबरचं हे चर्च मी निवडलं ते या तिसऱ्या टप्प्यासाठीच. वास्तुकलेचा अभ्यासक थॉमस रिकमनने १८१९ मध्ये याच मनोऱ्यावरून एक साधा तर्क मांडला. सगळ्यात वरचा टप्पा सुरुवातीच्या नॉर्मन घाटणीचा (नॉर्मन म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारे), खालचे दोन मात्र अगदी वेगळ्या हाताचे. वरचं आधी आणि खालचं नंतर असं बांधता येत नाही. म्हणजे खालचं काम नॉर्मनांच्या आधीचं, अँग्लो-सॅक्सन. ना शिलालेख, ना कागदपत्र, फक्त दगडावर दगड कसा बसलाय एवढं पाहून! आज खालचे टप्पे दहाव्या शतकाच्या अखेरचे आणि वरचा अकराव्यातला मानतात. माझा तिसरा टप्पा उचलला की रिकमनचा तर्क हातात येतो, म्हणून तो सुटा.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला भिंतीवरच्या दगडी पट्ट्यांनी. खालच्या ओळीत अर्धगोल कमानी, वरच्या ओळीत त्रिकोणी. वरच्या पट्ट्या मी आधी दोन कमानींच्या मधल्या खांबांच्या रेषेत चिकटवल्या होत्या. फोटो मोठा करून पाहिला तर त्या खालच्या कमानींच्या माथ्यावर उभ्या! चारही बाजू खरवडून पुन्हा केल्या, तीन संध्याकाळी गेल्या. पण आता भिंत खरी दिसते. लाकडी चौकटीच्या घराची आठवण त्या पट्ट्यांत आहे असं काही अभ्यासक म्हणतात. हाताने कापताना मला ते पटत गेलं, कारण दगडाला असल्या बारीक पट्ट्यांची गरजच नाही.

पूर्वेचा भाग अजून नुसता आखलेला आहे. मुळात हा मनोरा म्हणजेच चर्चचं मुख्य दालन होतं. पूर्वेला वेदीची छोटी खोली, पश्चिमेला बाप्तिस्म्याची. पश्चिमेची अजून उभी आहे. पूर्वेची पुढे पाडली आणि तिथून मोठं दालन वाढत गेलं. तिचा पाया पुरातत्त्वज्ञ वॉरिक रॉडवेल यांच्या १९७८ ते १९८४ च्या उत्खननात तपासला गेला. त्याच उत्खननात सुमारे २,८०० दफनंही निघाली. चर्च १९७२ मध्ये वापरातून गेलं नसतं, तर आतली जमीन अशी पूर्ण उकरताच आली नसती. गावाचे जवळजवळ हजार वर्षांचे लोक त्या फरशीखाली आणि भोवतालच्या आवारात होते. मॉडेलची फरशी मी म्हणूनच कोरी न ठेवता, पाडलेल्या खोलीची रेघ तिच्यावर लाल पेन्सिलने काढली आहे.

पुढच्या महिन्यात मोठ्या दालनाच्या खांबांच्या रांगा. खिडक्यांची दगडी जाळी या प्रमाणात पुठ्ठ्यात कापता येईना, ट्रेसिंग पेपरवर शाईने काढून पाहतोय. कुणी १:१०० मध्ये अशी जाळी केली असेल तर कोणता कागद वापरला ते जरूर सांगा.