लाँगइयरब्येनच्या रस्त्याकडेचे घरटे

जूनच्या मध्यावर आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहावर पोहोचलो. अवाच्या सवा दराचे हॉटेल, मध्यरात्रीही न मावळणारा सूर्य आणि पिरामिडेन या ओसाड खाणगावाची बोटफेरी यांबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. मी गेलो होतो ते विणीच्या हंगामातले बार्नेकल हंस पाहायला. हिवाळा ब्रिटनमधल्या सोल्वे खाडीकाठी काढून हे पक्षी वसंतात नॉर्वेच्या किनाऱ्यावर चरत, विसावत इथवर येतात. 1948 च्या सुमारास यांची संख्या जेमतेम 300 उरली होती. शिकारबंदी आणि संरक्षणामुळे ती पुढे हजारोंवर गेली. म्हणूनच लाँगइयरब्येन या इथल्या मुख्य गावात घरांपुढच्या गवतात ते निर्धास्त चरताना दिसले, तेव्हा मन भरून आले.

गावाबाहेर ॲडव्हेंटडालेनच्या रस्त्यालगत स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची आवारे आहेत. कुत्र्यांच्या धाकाने हिमकोल्हे फिरकत नाहीत, म्हणून आयडर बदके तिथे दाटीने घरटी करतात. त्यांच्याच शेजारी एक हंसीण अंडी उबवत बसली होती. दुर्बिणीतून तिचा पिवळसर पांढरा चेहरा, काळीभोर मान आणि घरट्याच्या काठावर वाऱ्याने थरथरणारी, तिने स्वतःच्या छातीची उपटून अंथरलेली राखाडी पिसे स्पष्ट दिसत होती. उबवणीचे साधारण 24-25 दिवस ती फार थोडा वेळ चरायला उठते आणि अंगावरच्या चरबीवर तग धरते; नर मात्र सतत पहाऱ्यावर असतो.

एवढ्यात एका पर्यटक गटातले दोघे मोबाइल उंचावून रस्ता सोडून थेट घरट्याकडे निघाले. नर मान जमिनीलगत ताणून फुत्कारत पुढे आला, तरी ते थांबले नाहीत. अखेर हंसीण उठली. स्वतःहून उठताना ती अंडी पिसांनी झाकून जाते. घाबरून उठल्यावर तेवढी उसंत कुठली? उघड्या पडलेल्या अंड्यांवर एक मोठा ग्लॉकस कुरव उतरला आणि एक अंडे चोचीत धरून उडाला. मी ओरडलो, गटाच्या वाटाड्यालाही खडसावले. त्याने नुसते खांदे उडवले. थोड्या वेळाने ती परतली आणि उरलेल्या अंड्यांवर बसली, पण माझा संताप अजून शमलेला नाही.

स्वालबार्डच्या पक्षी अभयारण्यांच्या 300 मीटर परिसरात 15 मे ते 15 ऑगस्ट या काळात माणसांना मज्जावच आहे. गावाजवळच्या या घरट्यांभोवती निदान हंगामापुरती साधी दोरी तरी बांधावी, असे मला मनापासून वाटते.