शेजारच्या आजींची खिडकी

समोरच्या आजी घरातही दोन स्वेटर घालून बसतात. खिडकी जुनी, लाकडी, एकेरी काचेची. फटीतून वारा आत येतो. दुहेरी काच बसवायची तर आधी परवानगी हवी, कारण घर संरक्षित यादीत आहे. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. माणूस कुडकुडतोय आणि जपायचं कुणाला, तर खिडकीला!

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या स्टॉकब्रिज भागात येऊन चार महिने झाले. जमेल तसं एकेक घर जलरंगात काढते. जवळची ॲन स्ट्रीट हेन्री रेबर्न या चित्रकाराच्या जमिनीवर वसली. गल्लीला नाव त्याच्या बायकोचं. चित्रकाराची गल्ली म्हणून तिथूनच सुरुवात केली. इथला वालुकाश्म मुळात पिवळसर, पण कोळशाच्या धुरानं ठिकठिकाणी काळवंडलेला. तो काळा मला आठ दिवस सापडेना. नुसता काळा लावला की भिंत मेल्यासारखी दिसायची. शेवटी खाली यलो ऑकरचा पातळ हात दिला, तो ओला असतानाच पेन्स ग्रे, म्हणजे निळसर करडा, सोडला, तेव्हा कुठं दगड दिसायला लागला.

मग खिडक्या. एकाच मापाच्या, एका ओळीत. मधेच कुणी ॲल्युमिनियमची बसवली तर सगळी ओळ मोडेल, हे रेघा मारतानाच हाताला कळलं. नियम मला अजूनही निष्ठुर वाटतो. पण तो नसता तर मी इथं काय काढलं असतं?

तरी कुणी 'दोनशे वर्षांचं घर' असं कौतुकानं सांगितलं की मला राहवत नाही. आपल्या संभाजीनगरचा (औरंगाबादचा) भडकल दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला! चारशे वर्षं होऊन गेली. त्याच्यासमोरून मी पाच वर्षं कॉलेजला गेले आणि एक रेघ मारली नाही. ऊन, रिक्षांची गर्दी, बघे, पोरीनं रस्त्यात बसायचं कसं. कारणं खोटी नव्हती. इथं दोन-दोन तास फुटपाथवर बसते, कुणी ढुंकून बघत नाही. आजी तेवढा चहा आणून देतात, कप परत न्यायला स्वतः येतात.

परवा धाकट्याला दरवाजाचा फोटो मागितला. म्हणाला, "ताई, तारा लई मधी येऊ लागल्या. पुढं जाऊन काढू का?"

नको म्हटलं, तारांसकट पाठव. तो फोटो आता आजींच्या घराच्या चित्राशेजारी टाचलाय. आठवडाभर पाऊस आहे, बाहेर बसता येत नाही. कमानीपासून सुरुवात केलीय.